शेजाऱ्याची हजेरी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय श्रीरंगराव. प्रमुख पाहुण्या, मुख्याध्यापिका डॉ. अश्लेषाताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या अलकनंदाताई, व्यासपीठावरचे मान्यवर, व्यासपीठावर खुर्च्या कमी पडल्या म्हणून पहिल्या रांगेत तोंड पाडून बसलेले तितकेच मान्यवर, नोएडा, फरीदाबादहून दोन दोन मेट्रो बदलून इथे गाझियाबादेत पोचलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, आणि जेवणाची झाकणं उघडल्याशिवाय आत यायचं नाही असं ठरवून दाराबाहेर उभे असलेले सज्जनहो, सर्वांना नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. श्रीरंगरावांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, ते मी पाहिलं. ठेवू द्या. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होतो, घड्याळांशी माझं जुनं वैर आहे.

आता तुम्ही म्हणाल, ताईंच्या बारा वर्षांच्या कामावर बोलायला हा सातवी पास गुलाबराव कशाला? आपल्या मराठी मंडळात एवढे पीएचडी आहेत, ते काय फक्त मोदकांना? प्रश्न बरोबर आहे. माझं पुढचं शिक्षण रद्दीच्या दुकानात आणि मंडळाच्या कपाटात झालं, आणि त्या कपाटाचीही किल्ली निम्मा वेळ हरवलेली असायची. पण ताईंच्या रविवारच्या मराठी वर्गाचा व्यवस्थापक मी. म्हणजे खडू आणणे, पंखा दुरुस्त करणे आणि जिथे आपल्याला काही कळत नाही तिथे मत देणे. तिसरं काम मी सर्वात मनापासून केलं.

या वर्गाची एक रीत आहे. ताई हजेरी घेत नाहीत. मुलं गोल बसतात आणि प्रत्येकाने आपल्या उजव्या हाताच्या शेजाऱ्याची हजेरी द्यायची. "मी हजर" म्हणायचं नाही. शेजारी हजर आहे का, कसा आहे, आणि आला नसेल तर का नाही, हे तुम्ही सांगायचं. माहीत नसेल तर फोन करून विचारायचं. झालं. सगळं शिक्षणशास्त्र एवढंच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "ताई, सतरा मुलांची हजेरी दोन मिनिटांत होते. तुम्ही अर्धा तास घालवता. मग मराठी कधी शिकवणार?"

ताई म्हणाल्या, "गुलाबराव, हे काय गुजराती चाललंय?"

एप्रिलमध्ये कोणाला कोणाचं नावही ठाऊक नसायचं. "ये जो है ना, ब्लू टी-शर्ट, हा आलाय." जुलै उजाडला की मामला रंगात यायचा. ऋग्वेद उभा राहून सांगायचा, "सुधन्वा हजर आहे, पण झोप नाही झाली, कारण त्याच्या बाबांनी आईला न विचारता नवी बाइक बुक केली." सुधन्वाचे बाबा तेव्हा कार्यकारिणीत होते. पुढच्या बैठकीत पहिलाच विषय: वर्गातील हजेरीमुळे सभासदांच्या खाजगी जीवनात हस्तक्षेप. मीच तो ठराव लिहिला होता. फार सुंदर लिहिला होता. ताईंनी वाचला, शुद्धलेखनाच्या चार चुका लाल शाईने दाखवल्या आणि परत दिला. विषय संपला.

पण मंडळी, मजा बघा. सप्टेंबरात डेंग्यू आला आणि सुधन्वा अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याच्या घरी मंडळातून पहिला फोन कोणाचा गेला? अध्यक्षांचा? चिटणिसांचा? नऊ वर्षांच्या ऋग्वेदचा गेला. "काकू, प्लेटलेट किती? मला रविवारी सांगायचंय." नोव्हेंबरात हवा बिघडून वर्ग बंद झाला, तर पोरांनी फोनवर हजेरी लावली. आपली मुलं दिल्लीत मराठी शब्द विसरतात म्हणून आपण गळे काढतो. एकमेकांना विसरत नव्हती, हे मला फार उशिरा दिसलं.

उशिरा म्हणजे किती, ते आता सांगतो. त्यासाठीच मी आज माइक मागून घेतला. दिलेला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी नांदेडहून रेवतीताई आणि त्यांचे मिस्टर बदली होऊन आले. त्यांची मुलगी निधी, तेव्हा नऊ वर्षांची. निधी घरी आईशी अखंड बोलायची, आणि घराच्या उंबऱ्याबाहेर एक अक्षर नाही. शाळेत नाही, दुकानात नाही, आमच्या वर्गात तर नाहीच. तिच्या उजवीकडे झोया मुजावर. निधीची हजेरी सुरुची द्यायची, तिची काही अडचण नव्हती. पण निधीने झोयाची द्यायची वेळ आली की गोल थांबायचा. पहिले दोन रविवार ती नुसती खाली बघत राहिली. पोरं थांबली. मी दाराशी उभा राहून चुळबुळ करत होतो, पोरं मात्र थांबली.

तिसऱ्या रविवारी निधीने हात लांब केला, झोयाच्या नाकावरचा चष्मा काढला, आपल्या फ्रॉकच्या टोकाने पुसला आणि परत नीट बसवला. झोयाचा चष्मा कायम बोटांनी बरबटलेला असायचा, हे खरंच. आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. झोया म्हणाली, "लागली माझी हजेरी." ताईंनी मान डोलावली, गोल पुढे सरकला. तेव्हापासून दर रविवारी तेच.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हा वर्ग आहे की चष्म्याचं दुकान?" आणि स्वतःच हसलो. दुसरं कोणी हसलं नव्हतं, हेही सांगून टाकतो.

फेब्रुवारीत वार्षिक संमेलन. हाच हॉल. वर्गाचा कार्यक्रम असा की सतरा मुलं ओळीने स्टेजवर येणार आणि प्रत्येकजण आपल्या शेजाऱ्याची ओळख करून देणार. प्रमुख पाहुणे मंत्रालयातले मोठे अधिकारी. साउंडवाला पाऊण तास उशिरा आला. मी बॅज लावून इकडून तिकडे धावत होतो, अंगात आलं होतं म्हणा ना. यादी हातात घेतली, पेन्सिल काढली आणि निधीच्या नावावर रेघ मारली. बोलणारच नाही तर माइकसमोर करणार काय? पाहुण्यांपुढे मंडळाची शोभा होईल. ताईंना विचारलं नाही. चहाच्या टेबलापाशी रेवतीताई भेटल्या, त्यांना म्हटलं, "निधीला पुढच्या वर्षी घेऊ हं." अगदी गोड आवाजात. हा आवाज मी फक्त वाईट काम करताना काढतो.

रेवतीताई म्हणाल्या, "बरं." निधीच्या छातीवर झोयाच्या नावाची चिठ्ठी टाचणीने लावलेली होती, ती त्यांनी तिथेच काढली, पर्समध्ये ठेवली आणि निधीला घेऊन प्रेक्षकांत जाऊन बसल्या. आणि मला काय वाटलं? सुटलो, वाटलं. खोटं कशाला बोलू.

पडद्यामागे ताईंनी नेहमीसारखी हजेरी सुरू केली. सुरुची म्हणाली, "निधी नाहीये. का नाही माहीत नाही. खाली बसलीय, मी फटीतून पाहिलं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अरे, वेळ कमी आहे. पुढच्या वर्षी. चलो, लाइन लावा."

झोया जागची हलली नाही. "आजोबा, मग माझी हजेरी लागली नाही."

"मी लावतो ना तुझी! झोया हजर. झालं?"

"तुम्ही माझे शेजारी नाही."

"बरं, तू पुढच्याची दे."

ऋग्वेद म्हणाला, "ती कशी देणार? तीच हजर नाहीये. ती नाही तर माझी नाही. माझी नाही तर सुधन्वाची नाही. बिल्कुल सिंपल आहे, आजोबा." या मुलाचे वडील कायदा मंत्रालयात आहेत. रक्तात असतं काही काही. दोन मिनिटांत तो हिशेब ओळीच्या टोकापर्यंत गेला आणि सगळा वर्ग कायद्याने गैरहजर झाला. मग सोळाच्या सोळा जण, इस्त्रीच्या कपड्यांत, जमिनीवर बसले. रडणं नाही, घोषणा नाहीत. एकाने तर टिफिन उघडला.

बाहेर निवेदिका तिसऱ्यांदा म्हणत होती, "आणि आता सादर होत आहे..." मी ताईंना म्हटलं, "अहो, सांगा ना त्यांना!"

ताई शांतपणे म्हणाल्या, "मी काय सांगू? हजेरी मी घेत नाही."

गेलो खाली. पाहुण्यांच्या समोरून वाकून, चेहऱ्यावर हसू चिकटवून. रेवतीताईंना म्हटलं, "जरा गैरसमज झाला. निधीला पाठवा."

एरवी सगळ्याला "बरं" म्हणणाऱ्या त्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी म्हणालात ना, काका? तिला मी तसंच सांगितलंय. ती रडून झाली."

"यंदाच, ताई. प्लीज."

निधीनेच पर्सची चेन उघडली, चिठ्ठी काढली आणि आईपुढे धरली, लाव म्हणून.

आता तुम्हाला वाटेल, स्टेजवर गेली आणि घडाघडा बोलली. नाही बोलली. अशा गोष्टी घडाव्यात अशी माझीही फार इच्छा होती, कारण मग माझी चूक झाकली गेली असती. ती माइकसमोर उभी राहिली. चांगलं अर्धं मिनिट गेलं. सहाव्या रांगेतून कोणीतरी "माइक बंद आहे का?" असं ओरडलं. तो आवाज आज अध्यक्षस्थानी आहे, नाव घेत नाही. मग निधीने झोयाचा चष्मा काढला, पुसला, बसवला. झोया माइकवर म्हणाली, "ही निधी. हिला माझ्याबद्दल सगळं माहीत आहे." आणि ओळ पुढे सरकली. पाहुण्यांना त्यातलं काहीही कळलं नाही. त्यांनी भाषणात मुलांच्या पाठांतराचं कौतुक केलं.

त्यानंतर सव्वा वर्षाने, एका साध्या रविवारी, पंखा बंद पडलेला असताना निधी म्हणाली, "झोया आली आहे." एवढंच. मी स्टुलावर चढलेलो होतो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ताईंनी वळूनही पाहिलं नाही, गोल पुढे गेला. मला वाटलं, किती रूक्ष बाई आहे ही! मग स्टुलावरून उतरता उतरता कळलं की तिचा गाजावाजा करायचा नाही, हेच सगळ्यात कठीण काम त्या वर्षभर करत होत्या.

ताई आता अमरावतीला लेकीकडे चालल्या. वर्ग कोण घेणार, हे कार्यकारिणी ठरवेल, म्हणजे दोन वर्षं ठरणार नाही. तोवर स्वानंदी आणि चिराग, ताईंचेच जुने विद्यार्थी, रविवारी येतो म्हणालेत. त्यांना माझी एकच विनंती: व्यवस्थापकाच्या हातात पेन्सिल देऊ नका.

आभार मानायचे तर ताईंचे, सोळा कायदेपंडितांचे, साउंडवाल्याचे, जो आज वेळेवर आला, आणि तुमचे, कारण जेवण लांबलं तरी तुम्ही बसून आहात. अशा भाषणाच्या शेवटी काही चुकलं असल्यास मोठ्या मनाने सांभाळून घ्या, असं म्हणायचा रिवाज आहे. मी तुमच्याकडे ते मागत नाही. तुमचं मी काही बिघडवलेलं नाही. सुधन्वाच्या बाबांचं थोडं, पण बाइक त्यांना मिळाली. ज्यांचं बिघडवलं त्या दोघी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्या दिवशी मी "गैरसमज झाला" म्हणालो होतो. गैरसमज कुठलाही नव्हता, रेवतीताई. मी रेघ मारली होती. निधी, बाळा, माझं चुकलं. इतके दिवस मी हे तुला सांगितलं नाही, कारण तू कोणाकडे तक्रार करणार नाहीस हे मला माहीत होतं, आणि मी त्याचा फायदा घेतला.

ती मान हलवते आहे. कोणत्या बाजूला, ते या दिव्यांच्या उजेडात मला इथून दिसत नाही. श्रीरंगराव, घड्याळ उचला, माइकही घ्या. मी खाली जाऊन बघतो.