खांदा कॉलनीतले तीन माळी

आशालता : गोष्ट नंतर, काका. आधी तुम्ही तिघे माळी या आंब्याखाली उभे राहा. फोटो काढायचाय.

तुळशीराम : मी उबाच हाय की, मॅडम.

आशालता : तुम्ही तुळशीराम. रामू कुठे? धर्मराज कुठे?

नोमान : मॅडम, उन्हात कशाला तकलीफ? आत खुर्ची टाकलीय, सरबत मागवलंय.

आशालता : नोमानभाई, तुम्ही बागेचे ठेकेदार. सरबत तुमच्या ठेक्यात नाही. आजवर ही बाग ज्यांच्या ताब्यात होती, त्या तिकडच्या ऑफिसचे साहेब गेटवर गाडीत बसलेत. मी सही केली की ही बाग त्यांच्याकडून आमच्या ऑफिसकडे आली. डोळ्यांना जेवढे माळी दिसतील तेवढेच लिहायचेत. आणि सोमवारपासून प्रत्येकानं मशीनवर अंगठा लावायचा.

नोमान : अंगठा?

आशालता : अंगठा. तुम्हाला घाम का फुटला?

नोमान : एप्रिल आहे, मॅडम.

तुळशीराम : रामू करंज्याला गेलाय. मेव्हन्याच्या जाल्यात घोळ मासा गावला. एवडा मोटा, की होडीत मावंना. मग होडीच माशावर ठेवली नि तसेच आले बंदरात. लिलाव चालू हाय आजून. शेपटीकडच्या गिऱ्हाइकाला डोक्याकडचा भाव कलत नाय.

आशालता : आणि धर्मराज?

तुळशीराम : त्याची पाठ गेली.

आशालता : कशानं?

तुळशीराम : हरळी उपटत होता. मूळ काय संपंना. ओडतोय, ओडतोय. शेवटचा हिसका दिला, तवा तिकडं तळोज्याच्या कंपनीचा भोंगा वाजला. शिफ्ट सुटायच्या आदी कामगार घरी, आनि आमचा धर्मराज खाटंवर.

आशालता : मला हसवू नका, काका. मी आज हसायला आलेली नाही.

तुळशीराम : नाय, तुमचं तोंड बगूनच कललं ते.

आशालता : समोरच्या इमारतीतल्या गुणाबाई भेटल्या मघाशी.

तुळशीराम : भली बाई.

आशालता : त्या म्हणाल्या, धर्मराज फार सज्जन माणूस. मी विचारलं, पाहिलाय का? तर म्हणे, तो पहाटे येऊन जातो. आणि रामू येतो दुपारी, सगळ्या बायका झोपलेल्या असताना.

तुळशीराम : पाळी लावलीय तशी.

आशालता : धर्मराजच्या मुलीच्या लग्नाला अख्ख्या इमारतीनं मिळून साडी दिली. मोरपंखी, पिवळ्या काठाची. खरं?

तुळशीराम : खरं. पोर रडली ना ती साडी बगून.

आशालता : मग ती शेडच्या मागे रोपांवर सावलीला का बांधलीय?

(तुळशीराम टोपी काढतो, झटकतो, परत घालतो.)

तुळशीराम : जावई नर्सरीवाला हाय. त्याला म्हटलं, बाबा...

नोमान : काका, बस. खुदा के वास्ते बस करा.

आशालता : रामू नाही. धर्मराज नाही. आणि दोघांचा पगार दर महिन्याला निघतो. म्हणजे तो तुम्ही खाताय, नोमानभाई.

नोमान : खाल्ला नाही, मॅडम. पाजला.

आशालता : कुणाला?

नोमान : तुम्ही उभ्या आहात त्या गवताला. रामू म्हणजे मंगळवारचा टँकर. धर्मराज म्हणजे शुक्रवारचा.

आशालता : नीट सांगा.

नोमान : तिकडच्या ऑफिसात देखभालीचा पैसा फक्त मजुरीला. पाण्याला एक रुपया नाही. नळ मागितला तर म्हणाले, नळ तुमचं ऑफिस देईल. तुमच्याकडे गेलो तर म्हणाले, बाग ताब्यात आल्याशिवाय नळ नाही. आणि बाग सुकलेली असली तर तुम्ही ताब्यात घेत नाही. बोला, काय करू? टँकरचं बिल लावलं, ते परत आलं. दोन माळी वाढवले, ते पास झाले.

आशालता : म्हणून माणसं बनवलीत.

नोमान : मी नाही, काकांनी. मी यांच्याकडे फक्त दोन नावं मागितली होती. यांनी घरदार देऊन पाठवली.

तुळशीराम : नुसत्या नावाला कोन इचारतंय, शेठ? मानसाला मेव्हना पायजे, पाठ पायजे. तवा तो खरा वाटतो.

आशालता : काका, गंमत नाही ही. याला फसवणूक म्हणतात. मी आहे तसं लिहिलं तर पोलीस येतील.

नोमान : मालूम आहे. लिहा. ठेका जाईल, पुन्हा कुठलं टेंडर भरता येणार नाही. अब्बांच्या वक्तापासूनचा धंदा आहे, पण लिहा. फक्त काकांना यात घेऊ नका.

तुळशीराम : मला का नको? दोन पोरं मी वाढवली, नि नाव शेठचं?

आशालता : गप्प बसा दोघे.

तुळशीराम : बसलो.

आशालता : काल एका बागेत गेले होते. चार माळी रांगेत उभे. टोप्या घालून, हातात खुरपी घेऊन. गवताचं पातं नाही. झोपाळ्याखाली नुसती धूळ. तिथं मी निमूट सही केली. सगळं नियमात बसत होतं.

तुळशीराम : इथं मानसं बसतात, मॅडम. संद्याकाली या, जागा गावत नाय.

नोमान : साहेब हॉर्न देतायत.

आशालता : ऐकू येतंय मला.

नोमान : एकच माळी लिहिला तर?

आशालता : तर पुढे कायमचा एकच मंजूर. तिघे हजर लिहिले, तर सोमवारी दोन अंगठे कमी पडणार, आणि जाब मला द्यावा लागणार. माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही, नोमानभाई.

तुळशीराम : आनि एका माळ्यावर बाग ऱ्हाईल?

आशालता : नाही राहणार. सुकेल. मग पुढच्या वर्षी कुणीतरी प्रस्ताव आणेल, जागा पडीक आहे, लग्नाच्या लॉनला भाड्यानं द्या. दोन ठिकाणी झालंय तसं.

तुळशीराम : म्हंजे पोरांनी खेलायला वरातीत जायचं.

आशालता : हसत नाहीये मी.

तुळशीराम : मी पन नाय, मॅडम.

नोमान : पुन्हा हॉर्न.

आशालता : वाजू दे. ऐका. मंजूर तीन, हजर एक. बाकीचे दोघे काम सोडून गेले. जागा रिकाम्या. सोमवारी दोन खरे माळी आणायचे, अंगठ्यांसकट. त्यांचा पगार त्यांच्याच हातात पडला पाहिजे. मी येऊन विचारणार.

नोमान : आणा-भाका घेतो, मॅडम. आणि मागचं कुणी विचारलं तर?

आशालता : विचारलं तर ऐकलंय ते सगळं सांगेन. खोटं बोलणार नाही.

नोमान : आणि नाही विचारलं तर?

आशालता : गवत हिरवं असलं की कुणी विचारत नाही. तेच तर अवघड आहे आता.

तुळशीराम : हां. खरे माळी येतील नि टँकरचं पानी जाईल. नळ कवा?

आशालता : आज ताबा घेते, उद्या अर्ज टाकते. पण पावसाच्या आधी नळ येईल, असं काही मी सांगणार नाही.

तुळशीराम : तवर समदं पिवलं. मॅडम, खऱ्या मानसाला तर प्यायला पन पानी लागतं. आमचा रामू बरा होता.

आशालता : मग सांगा ना तुम्ही काहीतरी. इतकी वर्षं सांगताय.

तुळशीराम : सांगायचं काय? धर्मराज जाताना निरोप ठेवून गेलाय.

नोमान : कुणाला?

तुळशीराम : समद्या इमारतींना. हात जोडून बोलला, भाजी धुतलेलं, तांदूल धुतलेलं पानी वतून टाकू नका. घरटी एक बादली माज्या झाडांना. आजवर त्यानं कुनाकडं काय मागितलं नाय.

नोमान : हे कधी बोलला तो?

तुळशीराम : आत्ताच. तुमी घाम पुसत होता तवा.

नोमान : साडी देणारी माणसं आहेत, मॅडम. बादलीला नाही म्हणणार नाहीत.

आशालता : पेन द्या. माझं उमटत नाही. का सोडून गेले, ते कारण लिहावं लागतं. 'मयत' लिहिते. मेलेल्याचा पत्ता कुणी मागत नाही.

तुळशीराम : मयत नको.

आशालता : काका, ते मुळात नव्हतेच.

तुळशीराम : असंल. पन धर्मराजच्या पोरीला सातवा लागलाय.

आशालता : कधी?

तुळशीराम : गुनाबाईंनी परवा डिंकाचे लाडू पाठवले तिला.

आशालता : आणि ते कुणी खाल्ले?

तुळशीराम : ते नका इचारू.

नोमान : साहेब गाडीतून उतरले. इकडेच येतायत.

आशालता : 'गावी गेले.' दोघेही. चालेल?

तुळशीराम : चालंल. गावी गेलेला मानूस कवातरी परत येतो.

आशालता : झाली सही. चला, नोमानभाई, त्यांना गेटकडेच गाठू. आणि काका...

तुळशीराम : बोला.

आशालता : पहिलं बाळंतपण माहेरीच ना तिचं?

तुळशीराम : माहेरीच, या बागंतच. माहेराला पानी पायजे, तेवडं बगा.