पिवळ्या पंखावरचं मोहोळ

हॅलो?… हो, एल्डनच बोलतोय. कोण, रोवीना?… अगं, काय झालंय ते सांगितलं तर अख्ख्या आयोवात कुणाचा विश्वास बसणार नाही… नाही, त्या रिमोटवरच्या विमानाचा पंख तयार नाही. म्हणजे तयार होता. तेच सांगतोय ना…

ऐक तर. तुझ्या बापानं, वेन्डलनं, सांगितलं तसंच केलं. आधी सगळ्या पंखावर प्लास्टिकची पिवळी फिल्म, इस्त्रीनं चिकटवून, ढोलाच्या कातड्यासारखी ताणलेली. मग तिच्यावर लाल पट्टे, सूर्याच्या किरणांसारखे… हो, हो, रुंदच कापले. विमान वर गेल्यावर वेन्डलला निदान रंग तरी दिसावेत. त्याची नजर किती गेलीय, मला नको सांगूस…

तर पंख ठेवला गॅरेजच्या दारात आणि मी आत गेलो सँडविच खायला… टर्कीचं. त्याचा काय संबंध? परत येतो तर पंख गुणगुणतोय… पंखच. मधमाश्या, रोवीना. शेजारच्या ऑर्विसच्या पेट्यांतल्या झाडून सगळ्या. त्यांना वाटलं, एवढं मोठं सूर्यफूल उमललंय… नाही, प्यायलो नाहीये.

अगं, त्यांच्या वजनानं पंखाला पीळ पडला. असा उडवला तर विमान कुशीवर वळून थेट मक्यात… केला ना, सरळ करायचा प्रयत्न केला. उलटा पिळायला गेलो आणि… आतल्या लाकडी फासळ्या मोडल्या. दोन… हो, तुझ्या बापानं स्वतः कापलेल्या. मी शेजारीच बसलो होतो तेव्हा. हात असे थरथरत होते, तरी ब्लेड मला देईना… आता पुन्हा नाही जमायच्या त्याला. ठाऊक आहे गं.

शनिवारच्या उड्डाणाचं कळतंय मला… क्लबची सगळी मंडळी येणार, मैदानाचं गवत कापून झालंय, आमची फर्न बटाट्याचं सॅलड करतेय… आणि हे त्याचं शेवटचं विमान. कळतंय, रोवीना.

पट्टे?… पट्टे ठीक आहेत. म्हणजे, लाल रंगाखाली थोडे फुगे आलेत… बारीक. अंगावर पुरळ उठावं तसे… मधमाश्यांमुळेच, आणखी कशामुळे? त्यांचे पाय गरम असतात… असतात गं. दिवसभर उन्हातच हिंडतात ना…

काय?… थांब, हे तू नाही बोललीस. कोण आहे तिथं?… वेन्डल?… तू केव्हापासून ऐकतोयस?…

नाही, ऐकू येतंय. पुन्हा म्हण…

‘मधमाश्यांच्या हातात इस्त्री किती तापवून दिली होतीस’ म्हणतोस?…

…

पिवळ्याला होती तेवढीच, वेन्डल. लाल पट्ट्यांना कमी करायची राहिली. मग फुगे घालवायला अजून वाढवली, आणि फिल्म आकसून पंखच पिळला…

थांब, पंख घेऊन तिकडेच येतो मी.