आबांची पिवळी गाडी

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारते. उत्तर लगेच देऊ नका — घाईत दिलेलं उत्तर कच्च्या भातासारखं असतं, मागाहून पोटात दुखतं! प्रश्न असा: "आता पूर्वीसारखी मजा राहिली नाही" असं माणूस म्हणतो ना, तेव्हा ती मजा जाते कुठून? वस्तूतून जाते, की म्हणणाऱ्यातून?

हापूस पूर्वीसारखा नाही! लग्नाच्या पंगती पूर्वीसारख्या नाहीत! कीर्तन तर मुळीच पूर्वीसारखं नाही! — हसू नका, गेल्या खेपेला त्या तिसऱ्या खांबामागून कुणीतरी बोललं होतं, मी ऐकलंय! घरात लहान मूल असलं की बाईचे कान तिखट होतात. पोर रडलं तर ती पोळ्या लाटत राहते. पोर गप्प झालं की लाटणं टाकून धावते! खरं की नाही, बायांनो?

बोला — रामकृष्णहरी!

तर आख्यान रथांचं आहे, पण कुरुक्षेत्रावरच्या नव्हे. या रथाला घोडे दिसत नाहीत, आत मात्र शेकड्यांनी कोंबलेले! मडगार्ड नाही, टप नाही, दारं नाहीत. चारही चाकं बाहेर उघडी, आणि मधे पाळण्याएवढ्या जागेत एक माणूस अर्धा आडवा होऊन बसलेला. फॉर्म्युला गाडी म्हणतात तिला. जगभर शर्यती होतात. आणि जगभर जे होतं ते कोल्हापुरात कुणाला माहीत नाही असं होतं का कधी?

कोल्हापूरच्या एका पेठेत रणझुंजार तालीम. खाली लाल मातीचा आखाडा, वर एक खोली, खोलीत मोठा पडदा. शर्यतीचा रविवार असला की संध्याकाळी सारी गल्ली त्या खोलीत. आणि पडद्याचा आवाज — बंद! का? कारण बोलायला आबा होते ना!

आबा म्हणजे हिंदुराव सरनाईक. वय सत्तरीपुढचं, मिशी अजून विशीतली. तरुणपणी मद्रासकडे विमानाच्या जुन्या धावपट्टीवर असल्याच गाडीतून शर्यत जिंकलेले. दर दिवाळीला फराळाबरोबर ती गोष्ट यायचीच. "पिटमधल्या पोरांनी — पिट म्हंजे शर्यतीच्या कडंचा चाकं बदलायचा थांबा — भिंतीवरनं पाटी दावली, आत ये! बाकीचे म्हणाले, थांबला तो संपला. मी थांबलो! चाक बदललं, निघालो. अन् जे थांबले न्हाईत त्यांची चाकं फुटली, फाट फाट फाट!" असा हा माणूस माईक घेऊन बोलायला लागला की बैलगाडीची शर्यत वाटावी — "आली, आली, नारिंगी आली! निळीच्या मानगुटीवर बसली! अन् घातलाऽऽ!" खोली नुसती पेटायची. जाळ अन् धूर संगटच!

आबांच्या मांडीला टेकून बसायची नात, जुई. आठ वर्षांची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. आणि दाराजवळ, चपलांच्या ढिगापाशी बसायची जुईची आई, स्वरूपा. कॉलेज शिकलेली, दोन घास कमी खाईल पण चार काळज्या जास्त करेल अशी. पोर शिंकली तरी हिच्या छातीत धस्स! नवरा धैर्यशील फौंड्रीत कामाला. तो म्हणायचा, "तुला काळजी नसली की त्याचीच काळजी वाटती!" आता असल्या बाईनं पाहिलं काही आणि बोलली काही, तर कोण खरं मानणार? तिलाही ते ठाऊक होतं. म्हणून ती बघायची फार आणि बोलायची कमी.

एक गंमत तिनं पाहिली होती. शर्यतीत एक पांढरीशुभ्र गाडी असायची. आबा तिला म्हणायचे 'पिवळी'. "ती बघा, हळद लावल्यागत पिवळी!" आणि तालमीतली एवढी माणसं, एकेकाची मांडी ओंडक्यासारखी — पण एकाची जीभ उचलेल तर शपथ! दत्तू पैलवान, तालमीचा वस्ताद, तोही मान डोलवायचा, "व्हय आबा, पिवळीच!" अहो, पडद्यावर पांढरी गाडी पळतेय आणि पन्नास माणसं, जुईसुद्धा, ओरडताहेत, "पिवळी, पिवळी!" याला म्हणतात मान राखणं! का याला दुसरं काही म्हणतात? ते शेवटी बघू.

— अगं ताई, ते तुमचं बाळ समईकडे निघालंय. हां, घ्या उचलून. त्याला आख्यानापेक्षा ज्योत आवडते, त्यात त्याचं चुकलं नाही.

तर एका रविवारी काय झालं? जुईचा घसा बसला. डॉक्टरांनी बजावलं — चार दिवस एक शब्द नाही! स्वरूपानं गळ्याला मफलर गुंडाळला, बोलायला म्हणून जुनी दगडी पाटी अन् पेन्सिल हातात दिली, आणि नेलं तालमीत. पोर आबांच्या मांडीशी बसली, ओठ घट्ट मिटून.

शर्यत सुरू झाली. आणि आबा? "गाड्या पळताहेत..." थांबले. "पळताहेत अजून." परत थांबले. पडद्यावर नारिंगीनं निळीला बाहेरून कापलं — आबा गप्प! लालनं आतून नाक घुसवलं — आबा गप्प! शेवटी त्यांनी माईक खाली ठेवला.

"संपलं!" म्हणाले. "ह्यात आता राम न्हाई. एक ओव्हरटेक न्हाई. एकामागं एक, एकामागं एक... ही शर्यत हाय का मिरवणूक? अन् कुणी पुढं गेलाच तर बटण दाबून! आमच्या वेळी सबंध शर्यतीत एक पाटी यायची. आता कानात सारखी कुजबुज — हळू चल, टायर सांभाळ, आत ये. ड्रायव्हर हाय का घरजावई? बंद करा!"

मंडळी, आबांचं सगळंच चुकीचं होतं असं समजू नका हां. गाड्या लांबलचक झाल्यात, आवाज मवाळ झालाय, कधीकधी पहिल्या वळणाचा क्रम शेवटपर्यंत हलत नाही, हे शौकीनही म्हणतात. पण त्या संध्याकाळी? त्या संध्याकाळी तर एकमेकांना कापत सुटले होते सगळे!

आणि तालीम काय म्हणाली? दत्तू पैलवान उठला, "आबा म्हणाले म्हंजे संपलं. पुढल्या रविवारपासनं कॅरम!" पडदा बंद. एवढ्या डोळ्यांनी पाहिलेली शर्यत एका माणसाच्या 'न्हाई' म्हणण्यानं नाहीशी झाली!

फक्त स्वरूपा जागची हलली नाही. तिनं शर्यत बघितलीच नव्हती. ती आबांकडे बघत होती. आणि आबा कुठं बघत होते? पडद्याकडे? छे! ते बघत होते जुईच्या तोंडाकडे. पोरीचे ओठ कधी उघडतात याची वाट बघत होते.

घरी जाताना गल्लीच्या दिव्याखाली स्वरूपा थांबली. "जुई, तू आबांना सगळं सांगतेस का गं? कुठली गाडी कुठं आहे ते?"

जुईनं मान हलवली, पाटीवर लिहिलं — मी पिट. आबा ड्रायव्हर.

"फक्त तालमीतच?"

पोरीनं पुसलं, परत लिहिलं — स्कूटरवर पण. खड्डा. म्हैस. सिग्नल.

आया-बायांनो, तुमचा हात छातीवर गेला ना? रोज सकाळी आबा जुईला स्कूटरवर पुढं उभी करून शाळेत सोडायचे. स्वरूपा गॅलरीतून हात हलवायची. तिला वाटायचं, पोर गाणं म्हणत चाललीय! पोर गात नव्हती, रस्ता वाचून दाखवत होती!

घरी गेल्यावर धैर्यशीलला सांगितलं, तर तो म्हणाला, "आबांचा हात बसलाय गं स्कूटरवर. डोळे झाकून नेतील."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

सकाळी तो पहिल्या पाळीला निघून गेला. अंगणात आबांनी स्कूटरला किक मारली. "चला जुईबाय!"

स्वरूपा स्कूटरपुढं जाऊन उभी राहिली. सांगायचं काय? "आबा, तुम्हाला दिसत नाही"? ज्या माणसानं वाऱ्याला मागं टाकलं त्याला, आणि ते सुनेनं? आणि नाही सांगायचं, तर पोर त्या स्कूटरवर बसणार, बसलेल्या घशाची, मुकी! मंडळी, एका बाजूला लेकराचा जीव, दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्याचा मान. तराजू धरून बघा एकदा!

"सरक की पोरी, शाळा चुकंल," आबा म्हणाले.

तेवढ्यात जुई धावत फाटकाशी गेली. तिचं तिला कळलं होतं — आपला आवाज नाही, आबांना कोण सांगणार? तिनं पाटीवर काहीतरी खरडलं, दोन्ही हातांनी पाटी डोक्यावर धरली आणि टाचा उंचावून उभी राहिली.

"काय लिवलंय गं?" आबांनी विचारलं.

जुई बोटानं पाटीवर टकटक करू लागली. वाचा ना आबा!

आबांनी मान पुढं काढली. डोळे बारीक केले. अक्षरं अंगठ्याएवढी होती, मंडळी. फाटक चार ढांगांवर होतं. "डोळ्यावर ऊन आलंय," ते म्हणाले.

ऊन त्यांच्या पाठीला होतं.

स्कूटर नुसतीच धडधडत राहिली. स्वरूपाला ते वाचून दाखवता आलं असतं. 'बघा, मी म्हणत नव्हते?' असंही म्हणता आलं असतं — आणि ते म्हणण्यात किती गोडी असते, हे काय मी तुम्हाला सांगावं? ती म्हणाली नाही. तिनं स्कूटरच्या हँडलवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली,

"आबा, पिटनं पाटी दाखवलीय."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग फाटकाकडे, जिथं त्यांना एक मफलर आणि एक काळा डाग एवढंच दिसत असावं. आणि हात किल्लीकडे गेला. धडधड थांबली.

"काय हाय गं तिच्यावर?"

"माझा आवाज नाही, आज नको, असं लिहिलंय."

"शहाणी हाय." आबा खाली उतरले. किल्ली सुनेच्या हातात ठेवली. "लई दिवस झाले, पोरी. सगळं धुक्यागत. म्हटलं, सांगितलं तर किल्ली जाईल, माईक जाईल, मग मी काय फक्त दिवाळीपुरता?"

"चाक बदलायला आत गेलात म्हणून तर जिंकलात ना? दर दिवाळीला ऐकतेय मी!"

"आँ! म्हंजे ऐकत हुतीस व्हय? मला वाटायचं, चकल्या तळतीस!"

बोला — रामकृष्णहरी! पेटीवाले, तुम्हीही म्हणा, सूर नुसता धरू नका!

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत; ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला, आणि पुढच्या शर्यतीच्या रविवारी आबा काळा चष्मा लावून तालमीत हजर. कॅरमचा डाव उचलला, पडदा लागला. आबांनी चष्मा कपाळावर सारला, आणि पहिलं वाक्य काय?

"आरं, ही पिवळी कुठं गेली? ही पांढरी कुणाची?"

सगळे पायाकडे बघायला लागले. दत्तू पैलवानानं घसा खाकरला. "आबा... ती पयल्यापासनं पांढरीच हुती."

"मग वरीसभर पिवळी पिवळी काय बोंबलत हुता?"

"तुमी म्हणाला म्हणून!"

"खुळ्यांनो! एकानं जरी 'आबा, चुकताय' म्हटलं असतं तर मला तवाच कळलं असतं की, मोतीबिंदूनं पांढरं पिवळं दिसतंय म्हणून! मान राखताय का माणूस घालवताय?"

मग शर्यत. पहिले पंधरावीस फेरे आबा तोंड वाकडं करून बसले. "मिरवणूकच हाय. डोळं नवं असलं म्हणून खोटं बोलणार न्हाई!" बघा, मोतीबिंदू काढला म्हणून स्वभाव थोडाच निघतो?

पण मग पांढरी आत गेली, नवी चाकं घालून आली, आणि पुढच्या नारिंगीला एकेका फेरीत खायला लागली. आबा खुर्चीच्या कडेवर आले. माईक तोंडाशी गेला. "आरं, मागच्या चाकाची कड सोललीय नारिंगीची... वळणावर गाडी तरंगती... दमला, दमला!" दाराशी चपलांजवळ बसलेली स्वरूपा आज पहिल्यांदाच पडद्याकडे बघत होती. शेवटचा फेरा. पांढरी डावीकडे झुकली — नाही! उजवीकडे! चाकाला चाक, मधे पोस्टकार्ड जाईल न जाईल एवढी फट! जुईचा घसा आता ठणठणीत, तिनं श्वास भरून घेतला, तोंड उघडलं —

"घातलाऽऽऽ!"

आबा ओरडले. जुईच्या आधी!

खोली डोक्यावर घेतली सगळ्यांनी. जुई रुसली, "आबा, माझ्या आधी का?" आणि स्वरूपा पदरानं डोळे पुसत हसत होती. शेजारणीला वाटलं, बाईला शर्यत फारच आवडली!

तर मंडळी, प्रश्नाकडे येऊ. मजा कुठून जाते? कधी वस्तूतूनही जाते, नाही असं नाही. पण निकाल देण्याआधी आपला डोळा पुसावा. आणि त्याहून मोठी गोष्ट, घरी घेऊन जा: तुमच्या घरात कुणी म्हणतंय का, "हल्ली कशात राम नाही, जेवणाला चव नाही, कुणाचं बोलणं कळत नाही"? त्यांना किरकिरे म्हणून मोकळे होऊ नका. ती तक्रार नसेल, हाक असेल. आणि त्यांच्या 'पिवळी'ला तुम्हीही 'पिवळी'च म्हणत असाल, तर तो मान नव्हे, आळस आहे! खरं सांगा, पण असं सांगा की माणूस पिटमध्ये यावं तसा आत येईल, आणि चाक बदलून पुन्हा शर्यतीत पळेल.

आता आरती. दिवा नीट धरा, पोरांना मागं घ्या. आणि आरती फिरत असताना, ज्यांच्याबरोबर आलात त्यांचा चेहरा एकदा त्या उजेडात बघून घ्या. ते कुठं बघताहेत — देवाकडे, की तुमच्या तोंडाकडे?

बोला — रामकृष्णहरी!