मंत्र्यांचा कोट

...आता तुम्हीच सांगा बायांनो, रडायचं तरी किती? एक होता शिंपी, एक होती शिंपीण, आणि दोघांच्या डोक्यावर बसलेले एक होते मंत्री. कुणाच्या डोक्यावर नव्हते म्हणा! महागाई अशी, की लोक वाळत चालले; नवे कपडे सोडून जुनेच लहान करून घ्यायला आणत. मग तेही बंद, नाडी आवळली की झालं! शेवटी शिंप्यानं मशीन विकायला काढलं, आणि नेमकं तेव्हाच मंत्र्यांच्या कोटाचं काम आलं. माप घेताना टेप पुरेना! माणूस काय, पर्वत हो पर्वत!

शिंपी शिवणीत माया सोडायला गेला. म्हणजे आत जादा कापड ठेवतात ना, अंगानं सुटलात तर उसवून वाढवायला, ते. शिंपीण म्हणाली, "अहो, माया कशाला? ह्या महागाईत कोण जाड होतंय? तेवढ्यात लेकीचं झबलं निघेल!" आणि बिचाऱ्यानं बायकोचं ऐकलं...

कोट जाऊन सभा होईपर्यंत महिना गेला. जनता वाळली, मंत्री नाही! मैदान गच्च, शिंपी-शिंपीणही गर्दीत. "बंधुभगिनींनो, पोटाला चिमटा घ्या!" म्हणून मंत्र्यांनी दोन्ही हात उंचावले, आणि... टर्रर्र! पाठ मानेपासून कमरेपर्यंत उघडी! शिंपिणीनं डोळेच मिटले. गेलं मशीन, गेलं दुकान, नवराही आता तुरुंगात!

आणि मंत्री? जराही डगमगले नाहीत! वळून फाटकी पाठच दाखवली लोकांना! "पाहिलंत? तुमचे हाल आठवले नि ऊर असा भरून आला, की कोटात मावेना!" अख्खं मैदान हुंदके देऊ लागलं. माणूस काय, पर्वत हो पर्वत!

मग स्टेजमागं शिंप्याला बोलावून, खांद्यावर हात ठेवून म्हणतात कसे, "शिंपीदादा, पुढचाही अस्साच शिवायचा. फक्त जरा उशिरा फाटू दे, भाषण रंगल्यावर."

तेव्हापासून दर सभेला नवा कोट! मशीन घरातच राहिलं, दोन्ही वेळा चूल पेटते, लेक झबल्यांत लोळते. भाव? ते कशाला उतरतील? शिंपीण मात्र पहिल्या रांगेत बसते. शिवण कुठं सुटणार ते ठाऊक असून टर्रर्र झालं की भोकाड पसरते. नवरा कोपर मारतो, "अगं, आपणच शिवलाय ना तो?"

"माहीत आहे हो," ती डोळे पुसत म्हणते, "पण बोलतो काय मेला!"