बाहेरच्या माणसाची हाळी

—नाय नाय, बसा साहेब, त्याच गाठीवर बसा, गवतच आहे, टोचलं तर टोचलं, विंचू नाय निघायचा. रुमाल टाकलात ते बरं केलंत. वखारवाला जेवायला गेलाय, वॅगन भरायची ती तो आल्यावर, तोवर माझा टाइम तुमचा. हां, तर तुमी काय बोलत होता? फक्त हो म्हणायचं. कागद नाय, सही नाय. कमळूने, म्हणजे मी, तोंडाने हो म्हणायचं आणि सोमवारपासून पहार खांद्यावर घ्यायची, आसनगावच्या रेल्वेच्या गँगमध्ये, जुन्या जागेवर. आणि त्याच्या बदल्यात — परत बोला ते, मला नीट ऐकू दे — ‘कमळूने यापुढे फक्त कमळूपुरतं बोलायचं.’ झकास! कोणी बसून केलं हे वाक्य? तुमी? नाय, वरून आलं. तेच बोलतो मी, वरून सोडल्यासारखंच आहे, खाली कोणाच्या डोक्यात पडेल ते न बघता.

रागावू नका. माणूस तुमी भले आहात. वेल्फेअर इन्स्पेक्टर झालात तरी संपाच्या आधी तुमी पण युनियनची पावती फाडायचात, मीच दिलीय तुमाला — आता मान कशाला खाली घालता, तेव्हा काय तो गुन्हा नव्हता. गुन्हा झाला आषाढात. संप सुरू होतो न होतो तोच दिल्लीचा वटहुकूम आला, की संप करणारा गुन्हेगार. बरं, संप मोडला. हरलो आमी. हरल्यावर हरलो म्हणावं, मी म्हणतो. पण हरलेल्या माणसाची जीभ कापतात काय? युनियनची मान्यता काढली. मान्यता काढली म्हणजे काय, तर ऑफिस युनियनशी बोलणार नाय, पत्र घेणार नाय, युनियन आहे हेच त्याला दिसणार नाय. ज्याला काय पाहिजे त्याने आपापला अर्ज करावा. आणि आता तर कायमचा कायदा करायचं चाललंय ना तिकडे? की सरकारी नोकराने संप कधीच करायचा नाय आणि युनियनमध्ये बाहेरचा माणूस नको. बाहेरचा कोण? जो नोकरीत नाय तो. आणि मी नोकरीत का नाय? तुमी काढलंत म्हणून! आधी धरून बाहेर काढायचा आणि मग दारातून ओरडायचं, ए, बाहेरच्या माणसाने आत बोलायचं नाय. वा रे वा. रुळाला हात लावून सांगतो, इतकं चोख काम आमच्या गँगने पण कधी केलं नाय.

ते बघा, ती गँग. सायडिंगचा रूळ बदलतायत. रोज बघतो मी — म्हणजे वखारीचं काम इथेच ना, वॅगनला गाठी लावायच्या, तर नजर जातेच. रोज येतो त्यात तसं काय नाय. ऐका, ऐका — ‘एक! दोन! तीन!’ — ऐकलंत? आमचा सावळाराम मुकादम. शाळेत कवायत घेतल्यासारखा. त्याच्या ‘तीन’वर उचलायचं की ‘तीन’ झाल्यावर, हे अजून गँगला समजलं नाय. निम्मे आधी उचलतात, निम्मे मागनं. त्याला दमा आहे, बिचाऱ्याचा काय दोष! हाळी मुकादमानेच द्यायची, दुसऱ्या कोणी नाय, असा हुकूमच आहे आता.

तुमी ऑफिसातले, तुमाला हाळी काय ते सांगतो. रूळ एकट्याला हलत नाय. सगळ्यांनी चिमट्याने धरायचा आणि एकदम उचलायचा. आणि एक जण असतो तो रुळाला हातच लावत नाय. नुसता बाजूने चालतो, सगळ्यांच्या पायांवर नजर ठेवतो आणि हाळी देतो. तो बोलला की बाकीच्यांनी ‘हय्या’ करायचं, त्या हय्यात उचल. काहीपण बोलायचं हो! ‘मुकादम गेला चहाला’ — हय्या! ‘बशीत बघतो मिशीला’ — हय्या! सावळाराम पण हसायचा. हसता हसता रूळ जागेवर. नवीन साहेब आला की पहिल्यांदा हेच विचारतो, हा एक माणूस फुकट पगार खातोय काय? मी हाळी द्यायचो. माझा बाप द्यायचा. आणि आमच्यात रीत काय, तर साहेबाने गँगला काय विचारलं तरी हाळीवाल्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी खाली बघायचं. भीती म्हणून नाय हो — मान म्हणून! सगळ्यांनी तोंड घातलं तर त्याला काय अर्थ राहिला?

त्यानेच घात केला ना. तुमी होता की संपानंतरच्या चौकशीला — नव्हता? बरं, तुमी नव्हता. ट्रॉलीच्या शेडमध्ये टेबल टाकलं आणि एकेकाला आत बोलावला. एकेकाला! ज्या माणसाने जन्मात साहेबासमोर एकट्याने तोंड उघडलं नाय त्याला. विचारलं, कामावर का नाय आलास, कोणी सांगितलं? जाणू आत गेला, बोलला, ‘कमळूला इचारा.’ लडकू गेला, ‘कमळूला इचारा.’ झिपरू तर छाती काढून बोलला, ‘कमळू बोलंल तेच आमचं.’ सगळे, एकूणएक. आणि बाहेर आले ते खुशीत! मला झाडाखाली गाठून बोलतात, ‘आमी काय एक शब्द बोललो नाय रे, तुझा मान ठेवला.’ साहेब, मला हसू आलं. खरंच आलं. आता ह्यांना काय सांगू, की बाबांनो, तुमी आत जाऊन एकेकाने माझ्याविरुद्ध साक्ष दिलीत म्हणून? ऑफिसने लिहिलं, चिथावणी देणारा कमळू, सगळी गँग साक्षीला आहे. सगळे परत कामावर, कमळू बाहेर. झिपरूला अजून माहीत नाय. तुमी पण सांगू नका. नाय, खरंच नका सांगू, तो जेवायचा नाय.

बरं, मी गेलो तर गेलो. पण गेलं काय काय ते बघा. पावसाळ्यात आमच्या गँगची माणसं वर उंबरमाळीला पाठवतात, गस्तीला. रात्रभर कंदील घेऊन रुळाने चालायचं, दरड आली का बघायचं. पूर्वी एकेकटा जायचा. आता मला सांगा, एकट्याला दरड दिसली, तर त्याने दरडीपाशी उभं राहायचं की गाडी अडवायला पळायचं? आणि तोच घसरून पडला तर? युनियनने मीटिंगांवर मीटिंगा घातल्या, ऑफिसात बसून भांडलो, मी स्वतः होतो, आणि मिळवलं — गस्तीला दोघं. एवढंच! काय सोनं नाय मागितलं. मान्यता गेली तसं तेही गेलं. ह्या पावसाळ्यापासून परत एकेकटा. आणि अर्ज पण एकेकट्यानेच. म्हणजे माणसाने एकट्याने जाऊन सांगायचं, की साहेब, मला एकट्याला पाठवू नका! आणि मग काय होतं? झिपरूने केला की अर्ज. उत्तर काय आलं? ‘अर्जदाराला एकट्याने काम झेपत नसल्यास त्याची डॉक्टरी तपासणी करावी.’ बघा! हुशारी बघा! युनियन मागते तेव्हा ती मागणी असते. झिपरू मागतो तेव्हा तो आजारी असतो. त्याच्या पायाचा आधीच एक अंगठा रुळाखाली गेलेला, डॉक्टरने अनफिट लिहिला असता तर नोकरीच गेली. घाबरून त्याने अर्ज मागे घेतला. आता पुढच्या पावसाळ्यात परत जाईल उंबरमाळीला, एकटा, लंगडत.

काय? स्टाफ कौन्सिल? हो, हो, ते ऐकलं. युनियन नको, कौन्सिल घ्या. ऑफिसने निवडायचा माणूस, ऑफिसने ठरवायचा विषय. आमचा सावळाराम जाऊन आला ना त्या कौन्सिलला, धुतलेलं धोतर नेसून. मी विचारलं, काय बोललास रे गस्तीचं? बोलला, ‘तो इषयच नव्हता.’ मग कशाचा होता? ‘संडासाला रंग कुठला द्यायचा.’ मग तू काय बोललास? ‘काय बोलणार, पंखा लय थंड होता.’ हसा, हसा साहेब. मी पण हसलो. घरी गेल्यावर हसू गेलं.

घरी म्हणजे — रेल्वेची खोली सोडावीच लागली. बायकोच्या, बाईजाच्या भावाने गोठ्याला लागून जागा दिली. ती वैशाखऱ्याची, घाटाखालची, कष्टाला भीत नाय. आता माझ्याबरोबर गवत कापायला येते. पण रात्री बोलते, ‘सगळी दुनिया तोंड मिटून जेवते. तुझंच काय अडलंय रे?’ आमचा तांबडा कोंबडा होता, गेल्या आठवड्यात दिसेना. बोलते, मुंगसाने नेला. आणि चार दिवसांनी तुमी आलात, कल्याणच्या ऑफिसातून, एवढ्या उन्हात, आपण होऊन, माझं भलं करायला. मुंगूस कल्याणला राहतो काय हो? — राहू दे. राहू दे, मी विचारत नाय. तिने जे केलं ते पोटासाठी केलं, तुमी पण शब्द टाकला असेल कुठेतरी, उपकार आहेत.

हा शर्ट? हा असाच घातलाय. गँगचा खाकी आहे, हो. बाईजाने धुऊन घडी घालून ठेवला होता, सकाळी हाताला लागला. गवताच्या कामाला चांगला शर्ट कोण घालतं, खरं आहे तुमचं — नजर तेज आहे. बरं, ऐका मग. तुमी येणार ते मला माहीत होतं. मी हो म्हणायलाच आलो होतो. झालं? आता एवढं ऐकलंत तर हे पण ऐका. वखारीत गाठी उचलतो मी, पण गाठ काय, एकट्याच्या पाठीवर बसते, तिला हाळी लागत नाय. पहाटे गँगच्या टाइमाला जाग येते आणि उठून करायचं काय ते सुचत नाय. मी म्हटलं, जाऊ दे. नको हाळी, नको युनियन. खाली बघून चिमटा धरीन. सावळारामच्या एक-दोन-तीनवर उचलीन. कमळूपुरतं बोलीन. कमळूला बोलायचं तरी काय असतं? भूक लागली, पाणी द्या. एवढंच ना? मग हो म्हणायला काय —

थांबा हं.

सावळारामला ढास लागली. रूळ उचललेला आहे हो! अर्ध्या वाटेत आहे. खोकतोय, त्याला बोलता येत नाय — ठेवायचा की न्यायचा, कोणाला कळेना. ते बघा, पुढचे ठेवायला बघतायत, मागचे नेतायत. झिपरूचा पाय! ए — नाय. नाय, मी नाय बोलायचं. साहेब, तुमी बोला. उठा ना, तुमी ऑफिसर आहात, तुमचं ऐकतील, नुसतं ‘थांबा’ म्हणा! काहीतरी बोला हो! — माझ्याकडे काय बघता रे सगळे? मी बाहेरचा आहे! सावळारामकडे बघा! अरे हात सुटतोय लडकूचा — साहेब, बोला ना —

ए झिपरू! पाय काढ मागं! काढला? धरून ठेवा रे, कोणी सोडायचा नाय, श्वास घ्या — आता माझं ऐका — ‘साहेब बसला गाठीवर’ — हय्या! ‘गवत टोचतंय पाठीवर’ — हय्या! चला, एक पाऊल, जाणू, हसू नको, चल — ‘त्याला कोणी विचारा’ — हय्या! ‘त्याच्या तोंडाला काय झालं?’ — हय्या! आता खाली, सगळे एकदम, सावकाश — हय्या!

ठेवला. झिपरू, आहे काय रे पाय? नाचवून दाखव. शाबास.

हां साहेब. बसा, उठू नका एकदम, चेहरा उतरलाय तुमचा. तुमच्यावर हाळी केली त्याचा राग नको, तोंडात आलं ते गेलं. बघा ना, मला विचार करायला पण टाइम नाय मिळाला. आणि सोमवारी मी तिथे चिमटा धरून उभा असेन तेव्हा परत असंच झालं तर? परत हेच होणार. मग आज हो म्हणून तुमाला कशाला फसवू? लिहा तुमच्या रिपोर्टात — समजावलं, ऐकत नाय. आणि गस्तीचं लिहा. माझ्या नावाने लिहू नका, बाहेरच्या माणसाचं कोण वाचणार. तुमच्या नावाने लिहा. लिहाल? — नाय ना. मला वाटलंच.

बाईजाला मीच सांगतो. कोंबड्याचं राहू दे, शिजला असेल.

तो बघा, वखारवाला आला. उठा साहेब. तुमी बसलात ती गाठ वॅगनमध्ये जायची आहे.