तोंड काढायला शिकायचंय

जामखेडच्या समाजकेंद्रात चित्रकलेच्या वर्गाची नावनोंदणी चालली होती. रांगेतल्या इन्शाला पुढच्या म्हातारीचं आणि टेबलामागच्या सरांचं बोलणं ऐकू येत होतं.

“मावशी, नातवाला घालायचंय का?”

“न्हाई, मलाच शिकायचंय. मानसाचं तोंड काढाया.”

“हा वर्ग मुलांचा आहे हो.”

“आमी ऊसतोडीला गेल्तो, तितं माझं पोरगं तापानं गेलं. चार वर्साचं हुतं. फोटू एकबी न्हाई त्याचा.”

“कधी झालं हे?”

“लई वर्सं झाली. डोळं अजून आठवत्यात, सर. नाक इसराया लागले.”

सरांनी एक कोरा फॉर्म पुढ्यात ओढला. इन्शानं पुढे केलेला आपला फॉर्म मागे घेतला.

“नाव सांगा.”

“कल्याण.”

“तुमचं नाव, मावशी.”

“माझं व्हय? बायडाबाई लिवा.”