आक्का पॅनेल शिकली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले संचालक साहेब, गिऱ्हाईक कंपनीकडून एवढ्या लांबून आलेले सन्माननीय पाहुणे, युनियनचे सरचिटणीस, आणि समोर बसलेले माझे सगळे सहकारी, ज्यांच्यातल्या निम्म्यांना मी कधी ना कधी वर्गात डुलक्या घेताना पकडलंय, त्या सर्वांना माझा नमस्कार.

आत्ता माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की वाटलं, ही बाई कोण, हिला एकदा भेटायला हवं. साहेब म्हणाले, "प्रशिक्षण विभागाच्या बाईंमुळेच आपल्या न्याय्य बदलाच्या आराखड्याला पारितोषिक मिळालं." केवढा मान! मग त्या पारितोषिकाची हकिगत मी सांगायला नको का? निरोपाच्या दिवशी माणसाला मध्येच कोणी खाली बसवत नाही, एवढी एक सोय असते.

कोळशाचा बॉयलर बंद करायचं ठरलं, तेव्हा याच सभागृहात सभा झाली होती. धूर थांबायलाच हवा होता. त्याबद्दल माझं दुमत तेव्हा नव्हतं, आजही नाही. साहेब म्हणाले, "आता विजेचा बॉयलर येतोय. पण या बदलात मागे कोणी राहणार नाही." टाळ्या झाल्या. त्या ओसरल्यावर मागून एक बाई उठली.

"साहेब, राख उचलणाऱ्या बायका त्या 'कोणी'मध्ये येतात का?"

ती आक्का. ठेकेदाराच्या टोळीतली. बॉयलरखालची राख पाट्यांनी उपसायची आणि गाडीत भरायची, हे तिचं काम. नवरा गेलेला, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि मेलेल्या बहिणीचा मुलगा हिनंच वाढवलेला. तो आपल्याच गेटवर वॉचमन होता.

साहेब हसून म्हणाले, "येतात म्हणजे काय? पहिलं नाव तुमचंच!"

आणि खरंच तिला नव्या बॉयलरचं पॅनेल चालवायला शिकण्यासाठी माझ्या वर्गात पाठवलं. अक्षरं जेमतेम येत होती. आधी दिवे रंगांवरून शिकली, मग आकडे, मग कुठला पंप कधी बंद करायचा ते. कायम कामगार चिडवायचे, "आक्का, आता राखेलाही मीटर लावणार का?" ती म्हणायची, "लावीन की. आधी तुझ्या डोक्यातली मोजते!" मला मात्र एकदा हळूच म्हणाली, "बाई, हे काम हलकं आहे हो. म्हणून भीती वाटते. हलकं काम आपल्याला कोण देतंय?" मी म्हटलं, "साहेबांनी सगळ्यांदेखत शब्द दिलाय."

मग पाहुणे आले. पाहुणे, तुम्हीच आला होतात. निळा कोट, हेल्मेट आणि बूट घालून ती पॅनेलपुढे उभी राहिली, पंप चालू करून दाखवला, प्रेशर वाचलं. तुम्ही तिचा हात हातात घेतलात. आठवतं? तिनं तो हात घरी जाऊन सासूला दाखवला होता.

तुमची गाडी गेली आणि पुढच्याच आठवड्यात ठेकेदाराचा करार संपवला. राखच नाही, तर टोळी कशाला? सकाळी आक्का गेटवर आली, तर पास रद्द झालेला. भाच्याला वरून फोन आला. कोट, हेल्मेट, बूट कंपनीचे आहेत, काढून घे.

तो म्हणाला, "मावशी, आज घरी जा. मी बघतो काय ते."

फोन पुन्हा वाजला. "घेतलेस का?"

मागे पहिल्या पाळीची रांग. तिनं कोट काढला, घडी घालून त्याच्या हातात दिला. बूट काढले. तिच्या स्वतःच्या चपला आत कपाटात होत्या, आणि आत जायची परवानगी नव्हती.

"मावशी, माझे बूट घाल."

"वेडा आहेस का? अनवाणी दिसलास तर तुझीही जाईल."

खडीच्या रस्त्यानं ती तशीच निघाली. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, प्रेशर किती?" आणि रांग हसली. हसणारे आज इथे बसलेत. कुणाकडे बोट दाखवत नाही. कार्यक्रम माझा आहे.

मी साहेबांकडे गेले. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, आराखड्यात कामगार म्हणजे आपले कामगार. ती ठेकेदाराची."

"मग तिला शिकवायला कशाला लावलंत?"

"शिकवलं, हाच तर न्याय झाला. नोकरी हा वेगळा विषय आहे. चहा घेणार?"

चहा चांगला होता, साहेब. खोटं कशाला बोलू?

पुढे पारितोषिकासाठी चित्रफीत करायची ठरली, आणि आक्का पुन्हा हवीशी झाली. निरोप भाच्याकरवीच गेला. सोबत हेही, की गेटवर कार्डाचं यंत्र बसणार आहे, वॉचमन कमी होतील, तेव्हा मावशीला समजावून सांग. ती आली. तोच कोट चढवला. "कंपनीनं मला मागे सोडलं नाही," एवढंच वाक्य. पण राख खाल्लेली छाती. मध्येच खोकला यायचा. पुन्हा घ्या, पुन्हा घ्या. शेवटी एकदा जमलं. कोट उतरवून घेतला. यंत्र बसलं. भाच्याची नोकरी गेली.

मघाशी पाहुण्यांनी विचारलं, इतर कंपन्यांनी यातून काय शिकावं? नव्या यंत्राची ऑर्डर देण्याआधी, ज्यांचं काम जाणार त्यांना दुसरं काम ठरवून द्या. ठेकेदाराची माणसंही माणसांत धरा. आणि त्यांना फोटोसाठी बोलावण्याआधी आराखड्याच्या बैठकीला बोलवा. यात अवघड काय आहे ते मला नोकरी संपेपर्यंत कळलं नाही.

आज सकाळी खुर्च्या पुसायला रोजंदारीवर बायका आणल्या होत्या. त्यांत आक्का होती. पाहुणे यायच्या आत निघून जा, असं त्यांना बजावलं होतं. मला बघून म्हणाली, "बाई, रिटायर होताय ना? मग जाता जाता एक काम करा. ते पॅनेल डोक्यातून जात नाही हो. झोपेत बटणं दाबते मी. शिकवलंत, तसं विसरायलाही शिकवा."

मी म्हटलं, "आक्का, ते मला येत नाही."

"बरं," म्हणाली, आणि पुढची खुर्ची पुसायला लागली. तुमची, साहेब.

अध्यक्ष महाराज घड्याळाकडे बघताहेत, ते मला दिसतंय. आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ गप्प बसल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा उपमर्द झाला असेल, कमी-जास्त शब्द गेला असेल, तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला. आणि माझ्यामुळे जेवण थंड झालं असेल, त्याबद्दलही क्षमा असावी.